कर्तव्याने धरलेली जमीन

बाली बेटाच्या दक्षिण भागात, देनपासार या राजधानीच्या पश्चिम आणि वायव्य बाजूंना, केरोबोकान, दालुंग, चांगू, पेरेरेनान अशा गावांची एक पट्टी पसरलेली आहे, आणि ती आज ना पुरती खेडी राहिली आहे, ना पुरते शहर झाली आहे. भातखाचरांच्या उरलेल्या तुकड्यांना लागून भाड्याने देण्याच्या बंगल्यांच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. जमिनीचा भाव 'आर'वर, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या ज्या मापाची मराठी शेतकऱ्याला सातबाऱ्यावरून सवय असते त्याच मापावर, सांगितला जातो. आणि पंचवीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याची सगळी रक्कम बहुधा करार होतानाच मोजून घेतली जाते. युरोपातून, ऑस्ट्रेलियातून किंवा जाकार्तातून येऊन येथे घर करू पाहणारा माणूस राहण्याचा आणि पैसा गुंतवण्याचा विचार एकदमच करतो, कारण जे घर त्याला निवारा देणार तेच त्याला उत्पन्नही देणार असते. या व्यवहाराचा विचार सहसा कायद्याच्या किंवा नफातोट्याच्या अंगाने होतो. मात्र त्याच्या तळाशी एक जुना धर्मशास्त्रीय प्रश्न आहे: माणसाचा जमिनीशी असलेला संबंध हक्कातून उपजतो की ऋणातून? आणि जो कोणाचे काहीच देणे लागत नाही, त्याने त्या गावात वास केला असे म्हणता येते का?

बालीतील गाव एकाच वेळी दोन प्रकारचे असते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. सरकारी दाखले, कर आणि निवडणुका ज्या गावाकडे असतात त्याला 'देसा दिनास' म्हणतात. आणि मंदिरे, स्मशान, विवाह, सण व गावकीचे नियम ज्याच्या हाती असतात ते परंपरागत गाव म्हणजे 'देसा आदात'. अशी परंपरागत गावे बेटावर सुमारे १५०० असून २०१९ च्या चौथ्या प्रांतिक अधिनियमाने त्यांना स्पष्ट वैधानिक स्थान दिले आहे. प्रत्येक देसा आदातची स्वतःची नियमावली असते, तिला 'आविग-आविग' म्हणतात. त्याचे पोटविभाग म्हणजे 'बंजार', आणि लाकडी ठोकळा पोखरून केलेल्या 'कुलकुल' या वाद्याचा ठोका पडला की बंजारच्या सभागृहात जमणे सदस्यांना बंधनकारक असते. गावाला गावपण येते ते तीन मंदिरांमुळे: उत्पत्तीशी जोडलेले 'पुरा पुसेह', सभेशी जोडलेले 'पुरा देसा' आणि मृत्यूशी जोडलेले 'पुरा दालेम'. या तिघांच्या पूजेचा, डागडुजीचा आणि उत्सवांचा भार जे वाहतात ते गावचे सदस्य, 'क्रामा देसा'. सदस्यत्व सर्वसाधारणपणे एकट्या व्यक्तीला नसून विवाहित जोडप्याला असते, कारण गावाचे काम पुरुषाचे आणि स्त्रीचे असे दोन्ही प्रकारचे असते आणि त्यातले एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

या कामाला 'आयाहान' असे नाव आहे. मंडप उभारणे, नैवेद्य रचणे, प्रेताला खांदा देणे, मंदिराचे अंगण झाडणे, मिरवणुकीत वाद्ये वाजवणे, हे सगळे त्यात येते. गावाच्या मालकीच्या घरठाणाच्या जमिनीवर जे कुटुंब राहते त्याने ती विकत घेतलेली नसते. आयाहान करीत राहिल्यामुळे ती त्याच्याकडे राहते, ती गावाबाहेरच्या माणसाला विकता येत नाही, आणि कुटुंबाचा वारस संपला तर ती परत गावाकडे येते. येथे कर्तव्य आधी आहे आणि ताबा त्याच्या मागून येतो. जमीनमालक असल्यामुळे माणसावर काही सामाजिक जबाबदाऱ्या येतात, असा जो विचार आधुनिक मनाला ओळखीचा वाटतो, त्याच्या नेमका उलट हा क्रम आहे. अर्थात दक्षिण बालीतील भातशेती बरीचशी खाजगी मालकीची आहे आणि परकी गुंतवणूक मुख्यतः तिच्यावरच होते. तरीही त्या शेतामागे 'सुबाक' नावाच्या पाणीवाटप संघाचे देणे असते, आणि ते शेताला चिकटलेले असते.

भारतीय वाचकाला या रचनेचे तात्त्विक समर्थन ओळखीचे वाटेल, पण ते तंतोतंत आपले नाही. बालीच्या हिंदू धर्मशिक्षणात 'त्रि रिण', म्हणजे देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे, आणि ती फेडण्यासाठी 'पंच यज्ञ' शिकवले जातात. आपल्या पंचमहायज्ञांत ब्रह्मयज्ञ, म्हणजे वेदाध्ययन, हा गृहस्थाने एकट्याने करावयाचा नित्यविधी आहे आणि मनुष्ययज्ञ म्हणजे अतिथिसत्कार आहे. बालीत पहिल्याच्या जागी ऋषियज्ञ येतो, आणि मनुष्ययज्ञाचा अर्थ जन्मापासून विवाहापर्यंतचे संस्कार असा होतो. भूतयज्ञाला तर तेथे आपल्याकडच्या काकबळीच्या कितीतरी पट महत्त्व आहे: नवे घर बांधताना भूमीतील शक्तींना 'चारू' अर्पण करावा लागतो, घर पुरे झाल्यावर 'म्लास्पास' हा शुद्धिविधी होतो, आणि प्रत्येक घरठाणाच्या कोपऱ्यात त्या जागेच्या रक्षकाचे छोटे देवस्थान असते. म्हणजे जागेवर माणसाच्या आधीपासून कोणीतरी राहत आहे, असे गृहीत धरूनच घर बांधले जाते. घर बांधणारा हा त्या जागेचा पहिला रहिवासी कधीच नसतो.

या सगळ्याला आज 'त्रि हित करण' या सूत्रात गोवले जाते: दैवताशी, माणसांशी आणि परिसराशी सलोखा ही कल्याणाची तीन कारणे, आणि त्यांची क्षेत्रे अनुक्रमे 'पराह्यांगान', 'पावोंगान' व 'पालेमाहान'. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबाक व्यवस्थेला जागतिक वारशाच्या यादीत घेतले तेही याच सूत्राचा आविष्कार म्हणून. हे सूत्र या शब्दांत मात्र प्राचीन नाही. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात, इंडोनेशियन राज्यव्यवस्थेत आपल्या धर्माला जागा मिळवू पाहणाऱ्या बालीतील सुशिक्षितांनी ते रूढ केले, आणि आज त्याचा उपयोग विश्रामधामांच्या जाहिरातींतही सर्रास होतो. सूत्र अलीकडचे असल्याने त्यामागची रीत खोटी ठरत नाही. परंतु सूत्राचा उच्चार करणारा प्रत्येक जण ती रीत पाळतो असेही समजण्याचे कारण नाही.

प्रश्नाचा गाभा उलगडण्यासाठी पूर्वमीमांसेतील दोन चर्चा विशेष उपयोगी पडतात. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात विश्वजित् यागाचा विचार आहे. या यागात यजमानाने सर्वस्व दान करायचे असते. तेव्हा राजाने पृथ्वीही दान करावी काय, असा प्रश्न उभा राहतो. उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण असे की भूमी सर्वांना सारखीच आहे. भाष्यकार शबर यात एक भेद करतो: माणसे शेतांची स्वामी असलेली दिसतात, पण अखंड पृथ्वीचा स्वामी कोणी दिसत नाही, राजाला रक्षणाच्या बदल्यात धान्याचा वाटा मिळतो, एवढाच त्याचा अधिकार. शेत कसले जाते म्हणून ते कोणाचे तरी होते, आणि भूमी त्या शेताखाली पसरलेली असूनही कोणाचीच होत नाही. दुसरी चर्चा नवव्या अध्यायातील देवताधिकरणात आहे. तेथे शबर म्हणतो की 'देवाचे गाव', 'देवाचे शेत' हे बोलणे केवळ औपचारिक, म्हणजे लाक्षणिक आहे. कारण ज्याचा आपल्या इच्छेप्रमाणे विनियोग करता येतो ते आपले, आणि देव तर गावाचा किंवा शेताचा स्वेच्छेने विनियोग करीत नाही.

शबराची ही दुसरी व्याख्या बालीला लावून पाहिली तर काय दिसते? १९८६ मध्ये इंडोनेशियाच्या गृहमंत्रालयाने एका निर्णयाने मंदिराला जमीन धारण करण्यास पात्र अशी धार्मिक कायदेशीर व्यक्ती म्हणून मान्यता दिली. म्हणजे 'लाबा पुरा' या देवस्थानच्या जमिनी मंदिराच्या नावे लागू शकतात. भारतीय न्यायालयांनीही मूर्तीला कायद्याची व्यक्ती मानले आहेच, आणि दोन्हीकडे शबराचे मत बाजूला पडले आहे. पण इच्छेप्रमाणे विनियोग ही कसोटी मानली, तर घरठाणावर राहणारे बाली कुटुंबही स्वामी ठरत नाही, कारण त्याला ते विकता येत नाही; सुबाकचा सदस्यही पुरता स्वामी ठरत नाही, कारण पेरणी केव्हा करायची आणि पाणी केव्हा घ्यायचे हे संघ ठरवतो. त्या गावात व्याख्येला खऱ्या अर्थाने उतरतो तो एकटा बंगल्याचा भाडेपट्टेदार. तो तीस वर्षे त्या तुकड्याचे जवळजवळ काहीही करू शकतो, आणि तरी कायद्याने मालक मात्र तोच नसतो. यावरून अपुरी पडते ती व्याख्याच, असे म्हणणे भाग आहे: जिथे जमीन देण्याघेण्याच्या जाळ्यात धरलेली असते, तिथे 'इच्छेप्रमाणे' या शब्दाला स्वामित्वाचे लक्षण मानणे म्हणजे त्या जाळ्याबाहेरच्या माणसालाच आदर्श स्वामी मानण्यासारखे आहे.

इंडोनेशियाचा राष्ट्रीय कायदा या ठिकाणी विचार करण्याजोगा आहे, कारण त्याची भाषा अर्धी धर्माची आणि अर्धी राज्याची आहे. १८७० च्या डच जमीनविषयक कायद्याने, ज्या जमिनीवर कोणी मालकी सिद्ध करू शकत नाही ती सरकारची, असे तत्त्व घालून दिले आणि मळेवाल्या भांडवलदारांना ७५ वर्षांपर्यंतचे पट्टे मिळू लागले. त्या अनुभवाला उत्तर म्हणून १९४५ च्या राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने भूमी आणि पाणी राज्याच्या नियंत्रणाखाली आणून जनतेच्या कल्याणासाठी वापरण्याचे ठरवले, आणि १९६० च्या पाचव्या क्रमांकाच्या मूलभूत जमीन कायद्याने भूमी ही परमेश्वराने राष्ट्राला दिलेली देणगी आहे असे पहिल्याच कलमात म्हटले. सहावे कलम जमिनीच्या प्रत्येक हक्काला सामाजिक कार्य असते असे सांगते. एकविसाव्या कलमानुसार 'हाक मिलिक', म्हणजे वंशपरंपरेने चालणारा पूर्ण मालकी हक्क, नागरिकांसाठी राखलेला आहे. आणि सव्विसाव्या कलमानुसार तो हक्क आडमार्गानेही परकीयाकडे गेला तर व्यवहार रद्द होऊन जमीन राज्याकडे जाते. स्थानिक माणसाचे नाव उसने घेऊन जमीन घेण्याची जी रीत बालीत फोफावली आहे, तिच्या मुळाशी हा धोका कायमचा बसलेला असतो. परकीयाला कायदेशीर वाट आहे ती भाडेपट्ट्याची किंवा 'हाक पाकाइ' या वापरहक्काची, ज्याची मुदत २०२१ च्या अधिनियमाप्रमाणे ३० वर्षे, मग २० ची वाढ आणि ३० चे नूतनीकरण अशी आहे. बेरीज ८० होते. वसाहतवादी पट्ट्यापेक्षा ही पाच वर्षांनी अधिक आहे, आणि ईश्वराच्या देणगीची गोष्ट सांगणाऱ्या राज्याने हा हिशेब एकदा मनाशी करून पाहायला हरकत नाही.

तरी मूळ अडचण मुदतीत नाही. भाडेपट्ट्याच्या करारात जमिनीचा वापर हस्तांतरित होतो, आणि त्या वापराला जोडलेले कर्तव्य मागे राहते. ते विकलेही जात नाही आणि नाहीसेही होत नाही, फक्त ज्यांच्याकडे जमीन उरली नाही त्यांच्या खांद्यावर येते. सुबाकच्या बाबतीत हे डोळ्यांना दिसते. सुबाकचे सदस्यत्व राहत्या जागेवरून ठरत नाही, एकाच पाटाचे पाणी घेण्यावरून ठरते. त्याचा प्रमुख म्हणजे 'पेकासेह'. पाटाच्या मुखाशी आणि शिवारात संघाची देवस्थाने असतात. आणि अनेक सुबाकांच्या पेरण्यांचा मेळ वरच्या सरोवरांकाठच्या मंदिरांच्या अधिकारातून घातला जातो. स्टीफन लान्सिंग या मानववंशशास्त्रज्ञाने १९९१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की मंदिरांचे हे वेळापत्रक पाण्याची वाटणी आणि किडीचा बंदोबस्त एकाच वेळी साधत होते, आणि हरितक्रांतीच्या काळात शेतकऱ्यांना ते मोडून वर्षभर भात घेण्यास लावले गेले तेव्हा किडीने पिके फस्त केली. पूजा आणि पाटबंधारे ही तेथे दोन खाती नाहीत. आता अशा शिवारातील एक शेत भरून त्यावर बंगला उभा राहिला की त्या शेताचे पाणी थांबते, भिंतीमुळे खालच्या शेताचा पाटही अडतो किंवा वळवावा लागतो, आणि देवस्थानच्या उत्सवाचा खर्च वाटून घेणारे एक घर कमी होते. दहा शेते गेल्यावर उरलेल्यांना वर्गणी परवडत नाही, म्हणून तेही पट्टा देतात. यात कोणीही लोभी असण्याची गरज नाही; कर्तव्य वाटून घेणारे कमी झाले की प्रत्येकाचा वाटा जड होतो, आणि वाटा जड झाला की आणखी एक जण बाहेर पडतो.

या विवेचनातून परंपरागत गाव म्हणजे निष्पाप सामूहिक जीवन आणि बाहेरचा पैसा म्हणजे भ्रष्टता, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चूक ठरेल. जे गाव कर्तव्याने माणसाला धरते ते कर्तव्य चुकवल्यावर त्याला सोडूही शकते: 'कासेपेकांग' या बहिष्काराच्या शिक्षेत शेजाऱ्यांनी बोलणे बंद करण्यापासून ते गावच्या 'सेत्रा'त, म्हणजे स्मशानात, जागा नाकारण्यापर्यंत सगळे येऊ शकते, आणि जिथे दहनसंस्काराशिवाय पितर मुक्त होत नाहीत असे मानले जाते तिथे ही शिक्षा मरणानंतरही चालू राहते. वारसा पुरुषाच्या वंशातून चालतो. मुलींना पालकांनी स्वतः मिळवलेल्या मालमत्तेत मुलाच्या वाट्याच्या निम्मा वाटा असावा, असे परंपरागत गावांच्या प्रांतिक परिषदेने ठरवले ते २०१० मध्ये. शिवाय जमीन पट्ट्याने देणारे हात बाली माणसाचेच असतात, आणि मुलांच्या शिक्षणाबरोबर अनेकदा खर्चिक दहनविधी हेच त्याचे कारण असते, म्हणजे एक ऋण फेडण्यासाठी दुसऱ्या ऋणाचा आधार विकला जातो.

गाव भांडवलाच्या विरोधात आहे हेही खरे नाही. १९८४ मध्ये, शांतिनिकेतनात शिकलेले इडा बागुस मांत्रा राज्यपाल असताना, प्रत्येक परंपरागत गावाची स्वतःची पतसंस्था स्थापण्यास सुरुवात झाली. या संस्थेचा मालक देसा आदात असतो, ठेवी आणि कर्जे गावातली असतात, नफ्याचा मोठा भाग भांडवलात जातो आणि २० टक्के गावाच्या विकासासाठी वेगळा काढला जातो. त्यातून मंदिरांची आणि उत्सवांची कामे होतात. अशा काही संस्थांत अपहार झाले आणि पदाधिकारी तुरुंगात गेले, हेही नोंदले पाहिजे. पण तत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे: पैशाला येथे व्याज लागते, नफा होतो, आणि त्या नफ्यावरही आयाहान बसवलेले आहे. गुंतवणूक आणि यज्ञ यांचा मेळ अशक्य आहे असे मानणाऱ्याला ही पतसंस्था उत्तर देते.

बाहेरच्या माणसाला गावाने ओळखलेच नाही, असेही नाही. २०१९ चा अधिनियम रहिवाशांचे तीन वर्ग करतो: गावचे पूर्ण सदस्य; 'क्रामा तमियू', म्हणजे त्या गावात राहणारे पण दुसऱ्या गावाचे बाली हिंदू; आणि 'तमियू', म्हणजे जावा, लोंबोक किंवा परदेशातून आलेल्यांसह बाकीचे सगळे. मधला वर्ग येथे सर्वांत अर्थपूर्ण आहे. दालुंगसारख्या वसाहतीत वर्षानुवर्षे राहणारे बाली कुटुंब पुष्कळदा आपल्या मूळ डोंगरी गावाचे सदस्य राहते. गालुंगानच्या सणाला, तेथील मंदिराच्या वर्धापनदिनाला आणि शेवटी दहनाला ते तिकडेच जाते. कुठे राहतो आणि कोणाचे देणे लागतो या दोन गोष्टी बाली माणसासाठीही वेगळ्या असू शकतात. फरक एवढाच की त्याचे देणे कुठेतरी असते. बंगल्यात गुंतवणूक करणाऱ्याची अडचण तो हिंदू नसल्याची नाही, परका असल्याचीही नाही. ज्या गावचे देणे तो फेडतो असे कोणतेच गाव बहुधा त्याच्यापाशी नसते.

पावित्र्याचे रक्षण अंतराच्या मोजमापाने करण्याचाही एक प्रयत्न झाला. तानाह लोत मंदिराजवळ एका मोठ्या विश्रामधामाचा प्रकल्प आला तेव्हा इंडोनेशियाच्या सर्वोच्च हिंदू परिषदेने जानेवारी १९९४ मध्ये एक 'भिसामा', म्हणजे धर्मनिर्णय, दिला: बेटाच्या सर्वश्रेष्ठ मंदिरांभोवती किमान पाच किलोमीटर, महान धर्मयात्रींशी निगडित मंदिरांभोवती दोन किलोमीटर, आणि गावच्या मंदिरांभोवती दगड फेकला तर पडेल एवढे किंवा आवाराच्या भिंतीपर्यंतचे अंतर मोकळे ठेवावे. २००९ च्या प्रांतिक भूवापर आराखड्याने हे निकष स्वीकारले, आणि मग त्यांच्यावर वर्षानुवर्षे घासाघीस चालली. देवस्थान जिथे शेतोशेती आहे अशा पट्टीत दगडफेकीचे अंतर पाळले तरी बांधण्यासाठी फारसे काही उरणार नाही. म्हणून नियम कागदावर राहतो आणि बंगला भिंतीला भिंत लावून उभा राहतो.

राहतो तो पैशाचा मार्ग. १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाकडून संस्कृती आणि पर्यावरण यांच्या रक्षणासाठी दीड लाख रुपिया घेतले जातात, आणि गावेही तमियूंकडून वर्गणी घेतात. बंगल्यात तर रोज सकाळी नोकरवर्गातील बाली स्त्रिया पानांच्या छोट्या द्रोणात फुले ठेवून जागेच्या रक्षकाला अर्पण करतात, आणि ते काम त्यांच्या पगारात धरलेले असते. हे खोटे आहे असे चटकन म्हणता येणार नाही, कारण मीमांसकांनी हाच प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. ऋत्विज दक्षिणा घेऊन काम करतो. दक्षिणा म्हणजे त्याच्या श्रमाचा मोबदला, परिक्रय. आणि तरीही यागाचे फळ यजमानाला मिळते. म्हणून दुसऱ्याच्या हाताने केलेले कर्म आपले होऊ शकते. शहरालगतच्या बंजारांनीही नोकरीमुळे येऊ न शकणाऱ्या सदस्यांना श्रमाऐवजी पैसे भरण्याची सोय दिली आहे. पण मीमांसेत फळ यजमानाला मिळते ते त्याने द्रव्य खर्च केले एवढ्यामुळे नाही. त्याने संकल्प केलेला असतो, 'हे मी करतो' असे म्हटलेले असते, आणि कर्म अर्धवट राहिले तर प्रायश्चित्तही त्याच्याच माथी असते. बंगल्याच्या देखभालखर्चात द्रोणांचा खर्च धरणारा गुंतवणूकदार यापैकी कशालाच बांधलेला नाही, आणि त्याच्या जागेवर फुले ठेवणारी स्त्री संकल्प करते तेव्हा तो बहुधा तिच्या स्वतःच्या घराच्या आणि गावाच्या वतीने असतो. भाडेपट्ट्याच्या करारात वापराच्या अटींइतक्याच स्पष्टपणे त्या तुकड्याचे सुबाककडे आणि बंजारकडे असलेले देणे लिहिले गेले, वर्षाचा चारू आणि देवस्थानचा वाटा पट्टेदाराच्या नावे बसला आणि तो चुकल्यास पट्टा संपेल असे ठरले, तर परक्या माणसालाही मीमांसेच्या अर्थाने यजमान होता येईल. आणि तसे झाले तर जमिनीचा जो भाव आज आरवर सांगितला जातो, तो टिकेल की उतरेल, हे बाजाराला नव्याने शोधावे लागेल.